फौज आणि गाणं: बाईंची स्मरणिका काढताना

लष्करात सेवा केलेल्या आणि कोल्हापुरात वर्षानुवर्षं गाण्यावर लिहिलेल्या कुणी बाई गेल्या, की वर्षश्राद्धापर्यंत स्मरणिका काढायचं घरात ठरतं. काम वाटलं जातं: फौजेचं मुलगा बघेल, गाण्याचं एखादा जाणकार बघेल. स्मरणिका बिघडते ती इथेच. पहिल्या अर्ध्यात गणवेश, पदकं आणि ‘रणरागिणी’; दुसऱ्या अर्ध्यात तंबोरा, मैफली आणि ‘रसिकाग्रणी’; मधे काही जोडच नाही. वाचणाऱ्याला एकाच मुखपृष्ठाखाली दोन अनोळखी बायका भेटतात. म्हणून संपादक एकच ठेवा आणि कालक्रमाचा तक्ताही एकच. मदतीला दहा जण असू देत, पण लष्करी कागद आणि कात्रणं एकाच माणसाच्या नजरेखालून जायला हवीत. जोड दिसली तर त्यालाच दिसते.

६४ पानांच्या स्मरणिकेला सहा महिने धरा. त्यातले दोन नुसते कागद लावण्यात जातात. ते वाचवायला गेलात तर पुढे दुप्पट लागतात.

आधी सगळी नावं लिहून काढा

पुरुषाच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही, बाईंच्या बाबतीत हमखास येते. पदकाच्या कडेवर माहेरचं आडनाव कोरलेलं असतं, पेन्शनच्या कागदावर सासरचं, वर्तमानपत्रात नुसती आद्याक्षरं किंवा टोपणनाव, आणि जुन्या सहकाऱ्यांना आठवते ती ‘सिस्टर अमुक’. एका कागदावर ही सगळी रूपं, प्रत्येकाचं स्पेलिंग आणि कोणतं कधीपासून कधीपर्यंत चाललं ते लिहा. ग्रंथालयात जुने अंक चाळणाऱ्याच्या हातात हा कागद नसेल, तर टोपणनावानं छापलेले सगळे लेख त्याच्या नजरेतून निसटतात.

हुद्दा लिहिण्याची रीतही इथेच ठरवून टाका. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो. म्हणून हुद्दा आधी, मग नाव, आणि ‘(निवृत्त)’ शेवटी. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्या (ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या) अधिकारी मुदत संपल्यावर सेवामुक्त होतात. त्यांच्यापुढे ‘निवृत्त’ लिहिलं तर फौजेतला वाचक पहिल्याच पानावर थबकतो.

ट्रंक उघडण्यापूर्वी

फौजेतल्या माणसाच्या घरी एक काळी लोखंडी ट्रंक असतेच. ती पुसण्याआधी तिचा फोटो काढा. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव घातलेलं असतं, आणि बढती मिळाली की त्याच जागी काळा हात मारून वर नवा हुद्दा रंगवतात. टॉर्च झाकणाला आडवी, जवळजवळ टेकवून धरली की खालच्या अक्षरांचे उंचवटे सावलीत उठून दिसतात. ‘कॅप्टन’च्या खाली ‘लेफ्टनंट’ आणि सासरच्या आडनावाखाली माहेरचं, असा अर्धा कालक्रम त्या झाकणावरच मिळू शकतो. कुणी हौसेनं ट्रंक रंगवून आणली, तर तो कायमचा गेला.

आत जे ज्या क्रमानं आहे, त्याच क्रमानं बाहेर काढा. प्रत्येक थराचा फोटो, प्रत्येक पाकिटाला नंबर. नंबर मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात. बॉलपेनची रेघ फोटोच्या पुढच्या बाजूला उमटते. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा आणि मग हळूच सोडवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडत असतो, लॅमिनेट केल्यावर तो आतल्या आत कुजतो आणि परत मोकळाही करता येत नाही. पदकं चिंच-मिठानं किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. कडेवरचं कोरीव नाव उथळ असतं, चार वेळा घासलं की दिसेनासं होतं.

कोल्हापुरात हे काम दिवाळी ते मे या काळात उरकावं. जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की फोटो एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते. शिवाय पंचगंगा आहेच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ नंतरही पुष्कळ घरांत जुने कागद तळमजल्यावर पलंगाखालीच असतात. वरच्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच ठेवा. कागद भिजलाच तर उन्हात टाकू नका, पंख्याच्या वाऱ्यावर टिपकागदात वाळवा. चिकटलेले फोटो ओढून काढू नका. ते साध्या गार पाण्यात ठेवले तर बहुतेक वेळा आपोआप सुटतात.

स्कॅन करताना कागदपत्रं ३०० डीपीआय, बारीक टाइपाची कात्रणं ४००, फोटो ६००. मूळ फाइल टिफमध्ये, रोजच्या वापराला जेपीजी. फाइलला नाव द्यायचं ते वर्ष-महिना-दिवस आणि पाकिटाचा नंबर. ‘आईचा फोटो नवीन २’ अशी नावं तीन महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत.

सेवेचे कागद कसे वाचायचे

सर्वांत आधी त्या कोणत्या वाटेनं फौजेत गेल्या ते पक्कं करा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली उभी राहिलेली विमेन्स ऑक्झिलरी कोअर १९४७ मध्ये मोडली. त्यानंतर बाईंना फौजेत जायच्या वाटा म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आणि डॉक्टर असतील तर आर्मी मेडिकल कोअर. इतर शाखांची दारं १९९२ मध्ये उघडली आणि पहिली तुकडी १९९३ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडली. तेव्हा १९७१ मध्ये सेवेत असलेल्या बाई बहुधा नर्सिंग अधिकारी किंवा डॉक्टर होत्या. त्यांच्याबद्दल ‘सीमेवर लढल्या’ असं लिहू नका. शंभर खाटांच्या वॉर्डात रात्रपाळी करणं हे लढण्यापेक्षा कमी म्हणून त्याला तलवारीची विशेषणं जोडायची, यात त्यांच्याच कामाचा अपमान आहे.

पदकांवरून घाईनं निष्कर्ष काढले की हमखास चुकतं. १९७१ चं संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या पुष्कळांना मिळालं. पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार असेल, तरच त्या त्या आघाडीच्या क्षेत्रात होत्या असं म्हणता येतं. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची आडवी पट्टी असते. तिच्यावर ‘हिमालय’, ‘जम्मू अँड काश्मीर’ असं जे लिहिलेलं असतं, ते नेमणुकीचं क्षेत्र. विदेश सेवा मेडलच्या पट्टीवर देशाचं नाव असतं.

पेन्शन असेल तर पी.पी.ओ., म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, शोधा. प्रयागराजच्या कार्यालयातून निघालेल्या त्या कागदावर सेवेचा काळ आणि शेवटचा हुद्दा असतो. तो सापडत नसेल तर बँकेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, पण तो वारसानं करावा आणि नेमकं मागावं: नेमणुकींची ठिकाणं व तारखा. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज बहुधा खासगी माहितीचं कलम लावून परत येतो.

एक गोष्ट मात्र सावकाश बघा. सेवा लग्नाच्या वर्षीच तुटलेली दिसली, तर ‘संसारासाठी नोकरी सोडली’ असं गोड वाक्य लिहून मोकळे होऊ नका. नर्सिंग सर्व्हिसच्या १९७७ च्या लष्करी सूचना क्र. ६१ नुसार लग्न हे सेवा संपवण्याचं कारण ठरू शकत होतं. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात तो नियम मनमानी ठरवून ६० लाख रुपये भरपाई देवविली. बाईंनी सोडली की सोडायला लावली, हे कागद आणि सोबतच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून पक्कं करा. त्यांचं गाण्यावरचं लेखन त्यानंतरच्या वर्षात सुरू झालेलं दिसलं, तर पुढच्या सगळ्या लेखांचा सूर वेगळा ऐकू येतो.

तक्ता

चार रकाने: तारीख, नेमणूक किंवा मुक्काम, घरातलं, गाण्यातलं. संगणकावर करा, पण भिंतीवर मोठ्या कागदावरही लावा, कारण जोड भिंतीवरच दिसते. आता नेमणुकींची गावं गाण्याच्या नकाशावर ठेवून बघा. जालंधर छावणीत डिसेंबर काढला असेल, तर त्याच गावात १८७५ पासून चालत आलेलं हरिवल्लभ संमेलन असतं. ग्वाल्हेरजवळ मुरारला असतील, तर हिवाळ्यात तानसेन समारोह. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात असतील, तर १९५३ पासूनचा सवाई गंधर्व. बेळगावला असतील, तर धारवाड हाकेच्या अंतरावर. कोल्हापूरच्या मुलीनं कानात जयपूर-अत्रौलीची गायकी घेऊन जायचं आणि दर दोन-तीन वर्षांनी वेगळ्याच घराण्याच्या गावात राहायचं. पुढे त्यांच्या परीक्षणात ग्वाल्हेर आणि पंजाबचे दाखले सहज येतात, त्याचं मूळ बदल्यांच्या यादीत असू शकतं. असू शकतं, एवढंच. तिकीट, पत्र, डायरीतली ओळ असा एखादा पुरावा मिळेपर्यंत ती नोंद पेन्सिलीनंच ठेवा.

आडरानातल्या नेमणुकीत गाणं म्हणजे रेडिओ. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून शनिवारी रात्री लागायचा. डायरीतल्या ‘शनि.’ या नोंदींपुढे रागाचं नाव दिसलं तर ते बहुधा तेच. पत्रांवर गाव नसतं, ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालय) एवढाच पत्ता असतो. ढोबळमानानं ५६ उत्तर-पश्चिमेकडचं, ९९ पूर्वेकडचं. तारीख शिक्क्यावरून घ्या, कारण पत्रात वर घातलेली तारीख आणि पोस्टात पडलेला दिवस यांत कधीकधी आठवडा असतो.

कात्रणं आणि रागांची नावं

घरातल्या वहीत चिकटवलेली कात्रणं हे अर्धंच असतं. त्यांवर तारीख कापून गेलेली असते. मागची बाजू वाचा. सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, क्रिकेटचा धावफलक यांवरून अंक आठवड्याच्या आत सापडतो. मग करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन जुने अंक चाळायचे. परीक्षण मैफलीच्या दुसऱ्या दिवशी क्वचित छापून येतं, म्हणून मैफलीची तारीख आणि छापल्याची तारीख दोन वेगळ्या रकान्यांत घ्या.

आता खरा धोका, टायपिंगचा. कोल्हापुरात गाण्यावर लिहिलंय म्हणजे जयपूर-अत्रौलीच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीतले अनवट राग येणारच: खट, नट-कामोद, सावनी नट, बसंती केदार, रायसा कानडा, बिहागडा. टायपिस्टला हे माहीत असायचं कारण नाही. ‘खट’चं ‘खाट’ होतं, ‘बिहागडा’चं ‘बिहाग’. सगळ्यांत वाईट गत ‘संपूर्ण मालकंस’ची. मुद्रितशोधकाला वाटतं ‘संपूर्ण’ म्हणजे पूर्ण, विशेषण आहे, जागा वाचेल; तो शब्द उडवतो. पण मालकंसात रिषभ आणि पंचम नसतात, आणि संपूर्ण मालकंसात ते असतात, तोच त्याचा जीव. त्या एका शब्दाविना पुढच्या ओळीतलं ‘पंचमावर घेतलेला विसावा’ हे वाक्य अडाणी ठरतं, आणि बोल लागतो बाईंना, ज्या आता खुलासा करायला नाहीत. टायपिंगला देण्याआधी लेखांतल्या सगळ्या राग, ताल आणि कलाकारांच्या नावांची यादी करा, एखाद्या गाणाऱ्याकडून तपासून घ्या, आणि मुद्रितं फक्त त्या यादीशी ताडून पाहण्याची एक वेगळी फेरी ठेवा.

वहीत स्वरलिपी असेल तर ती कोणत्या पद्धतीची ते आधी ओळखा. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं असतं आणि तार सप्तकाला उभी रेघ. एकाच टिंबाचा अर्थ उलटा! पलुस्कर पद्धतीचं पान भातखंडे समजून टाइप केलं की मंद्रातले स्वर दोन सप्तकं वर चढतात. सम (तालाची पहिली मात्रा) ही ओळखीची खूण आहे: भातखंड्यांत गुणाकाराचं चिन्ह, पलुस्करांत १ चा आकडा. शंका असली तर टाइप न करता पानाचा स्कॅनच छापा. बाईंचं अक्षरही राहतं.

जुने लेख श्रीलिपी या जुन्या टायपिंग प्रणालीत असतील आणि युनिकोडमध्ये आणायचे असतील, तर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं तुटतात, कोमल स्वरांखालच्या रेघा तर पुसल्याच जातात. रूपांतरानंतर मूळ छापील पानाशी ओळ न् ओळ ताडावी लागते. त्याला पर्याय नाही.

बाईंचं मत आज पटत नसेल तरी बदलू नका. एखाद्या नामवंताला त्यांनी ‘आज आवाज लागला नाही’ असं लिहिलं असेल, तर ते तसंच राहू द्या. स्मरणिका म्हणून सगळी कौतुकाचीच परीक्षणं निवडली, तर त्या परीक्षक होत्या हेच पुसलं जातं. दहा लेख घेणार असाल तर दोन-तीन कडक असावेत. मुक्त लेखकाच्या लेखांचे हक्क सहसा लेखकाकडे आणि नंतर वारसांकडे, निधनानंतर ६० वर्षं. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना लिहिलेले असतील तर त्या वर्तमानपत्राची लेखी परवानगी घ्या.

कॅसेट

मैफलींची ध्वनिमुद्रणं सापडली तर लगेच वाजवून बघायचा मोह आवरा. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला. ती वाजवली तर डेकही खराब होतो आणि पुढची प्रत्येक फीतही. बाकीच्यांच्या पाठीवरचे टॅब तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी दबलेली फीत त्यानं मोकळी होते. दर दोन-तीन कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डिजिटल प्रत: वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. खरखर काढायचा सोस मूळ प्रतीवर करू नका, तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजता झणकार) त्यातच जाते.

वेग बरोबर आहे का, हे पेटीवर कळतं. षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल, किंवा काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या बाई काळी पाचला ऐकू येत असतील, तर वेगाचा संशय घ्या. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या (काळी-पांढरी धरून) अंतराला सुमारे ६ टक्के वेगाचा फरक लागतो. पण तंबोराही जरा चढा लावलेला असू शकतो, म्हणून दुसरा पुरावा हवा: शांत जागेत विजेची गुणगुण रेकॉर्ड झालेली असेल, तर ती ५० हर्ट्झला यायला हवी. ५३ ला आली, तर फीत त्याच प्रमाणात जलद चालते आहे. ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकण्याआधी कलाकाराच्या घरच्यांना विचारा. ‘बाईंच्या घरी सापडलं’ म्हणजे ते आपलं होत नाही.

माणसांशी बोलणं

वयानं सर्वांत मोठ्या माणसाकडे सर्वांत आधी जा. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलं की ‘फार शिस्तीच्या’ एवढंच मिळतं. ‘मैफलीला कुठे बसायच्या? वही कोणती? मध्यंतरात काय करायच्या? घरी जाऊन रात्रीच लिहायच्या की सकाळी?’ असं विचारा. फौजेतल्या मैत्रिणींना गाण्याचं विचारा आणि गाण्यातल्या लोकांना फौजेचं; तिथे नवीन हाती लागतं. मोबाइल एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, पंखा बंद. पाऊण तास पुरे, थकवू नका. फोटोंचा जाडसर गठ्ठा बरोबर न्या.

छपाई आणि कार्यक्रम

पानं १६ च्या पटीत ठेवा: ४८, ६४, ८०. ६४ पर्यंत मधोमध पिन चालते, त्यापुढे पाठीला चिकटवलेली बांधणी घ्या. आत ७० जीएसएम मॅपलिथो, फोटोंसाठी एक आर्ट पेपरचा फर्मा. गणवेशातला फोटो मुखपृष्ठावर खुशाल छापा, पण राजमुद्रा किंवा सेनेचं चिन्ह सजावट म्हणून वापरू नका. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. जुन्या फोटोत मागे लष्करी ठाण्याची पाटी किंवा आजही वापरात असलेली इमारत दिसत असेल, तर दुसरा फोटो निवडा. ज्या मैफली केशवराव भोसले नाट्यगृहात झाल्या, त्या लेखांसोबत वास्तूचा जुना फोटो द्यावा. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते सभागृह जळालं; त्यामुळे बाईंनी पूर्वी केलेलं त्याचं वर्णन, ध्वनी कुठपर्यंत पोचायचा, कोणत्या रांगेतून काय ऐकू यायचं, हा स्वतंत्र दस्तऐवज आहे.

कार्यक्रमाला भाषणं दोनच. त्यांऐवजी बाईंची तीन परीक्षणं वाचा, प्रत्येकी तीन मिनिटांची, आणि प्रत्येकानंतर तोच राग गाऊन घ्या. त्यामुळे कार्यक्रमाची वेळ लेखांवरून ठरते: त्यांनी ललत आणि खटबद्दल सर्वांत चांगलं लिहिलं असेल, तर सभागृह सकाळी सातचं घ्या, संध्याकाळचं नको. गाणाऱ्यांना लेख महिनाभर आधी द्या. फौजेतल्या पाहुण्यांना पहिल्या रांगेत वेगळं बसवू नका, गाण्यातल्या लोकांत मिसळून बसवा.

मूळ कागद घरात वाटून घेऊ नका. पदकं एका भावाकडे आणि वह्या दुसऱ्याकडे गेल्या, की पुढच्या पिढीत दोन्ही अनोळखी होतात. देवल क्लब, करवीर नगर वाचन मंदिर किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय यांना आधी लेखी विचारा: सगळं एकत्र ठेवाल का, वाचकाला बघू द्याल का, स्कॅनची प्रत आम्हाला राहील का. होकार आला की पाकिटांच्या नंबरवार यादीच्या दोन प्रती करा, दोन्हींवर पोच घ्या, आणि ट्रंकही त्याबरोबर द्या.